‘मी असं म्हणालोच नव्हतो!’ : गटातल्या वादात दुसऱ्याचं वाक्य कसं उचलावं

चर्चेच्या कुठल्याही गटात नव्याने गेलात की आठवड्याभरात हे वाक्य तुमच्या नजरेस पडेल : “मी असं म्हणालोच नव्हतो.” त्यानंतरचे वीस-पंचवीस संदेश मूळ विषयावर नसतातच. कोण काय म्हणालं, कोणत्या अर्थाने म्हणालं, आता शब्द का फिरवतोय, याचीच उलटतपासणी चालते. वाचणारे कंटाळून निघून जातात आणि भांडणारे दोघं उरतात.

मी स्वतः हा पराक्रम केलेला आहे. छायाचित्रणाच्या एका गटात एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं होतं, “फोटो नंतर सॉफ्टवेअरमध्ये सुधारायला माझी हरकत नाही. फक्त बातमीच्या फोटोत काही घालू-काढू नये.” सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने लिहिलं, “काका म्हणतात, ‘फोटोत नंतर काही घालू-काढू नये.’ मग अंधाऱ्या खोलीत प्रिंट काढताना हाताच्या सावलीने चेहरा उजळ करणारे जुने छायाचित्रकार काय करत होते?” प्रश्न बिनतोड होता, फक्त काकांना तो लागू नव्हता. तिघं माझ्या बाजूने धावून आले, दोघं त्यांच्या. तासाभराने काकांनी स्वतःचा आदल्या दिवशीचा संदेश जसाच्या तसा पुन्हा टाकला. खाली एक अक्षरही लिहिलं नाही. आजही ते आठवलं की माझी कानशिलं तापतात.

‘बातमीच्या’ हा एक शब्द मी मुद्दाम गाळला नव्हता, तो माझ्या डोक्यातूनच गळला होता. पुढच्या पायऱ्या त्या अनुभवातून आलेल्या आहेत, आणि लबाडी करणाऱ्यांपेक्षा माझ्यासारख्या घाईत असणाऱ्यांसाठी जास्त आहेत.

पहिली पायरी : आठवणीतून लिहू नका, वर जाऊन बघा

आपल्याला वाटतं, वाक्य आपल्या लक्षात आहे. ते नसतं. १९६७ मध्ये जॅकलीन सॅक्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा प्रयोग केला. लोकांना एक उतारा ऐकवला, मध्येच थांबवला आणि आधी आलेलं एक वाक्य पुन्हा ऐकवून विचारलं : हे तसंच आहे, की बदललंय? वाक्य नुकतंच ऐकलेलं असेल तर शब्दांतला फरकही कळत होता. मध्ये ऐंशी-एक अक्षरांचा मजकूर गेला की अर्थ बदललेला कळायचा, पण नुसती शब्दरचना बदललेली फारशी कळत नव्हती. ऐंशी अक्षरं म्हणजे अर्धा मिनिटसुद्धा नाही.

हे निवांत बसून ऐकणाऱ्यांचं झालं. आपण वाचतो तेव्हा समोरच्यावर आधीच थोडे चिडलेले असतो, त्यामुळे डोक्यात राहतो तो त्याच्या म्हणण्याचा आपल्याला खटकलेला भाग. म्हणून उत्तर लिहायच्या आधी बोट वर सरकवा, मूळ संदेश शोधा, पुन्हा वाचा. गटात त्याच संदेशाला टॅग करून उत्तर द्यायची सोय असेल तर ती वापरा, म्हणजे तुमच्या उत्तराच्या डोक्यावर मूळ शब्द राहतात आणि तुम्हाला ते टाइपही करावे लागत नाहीत. मूळ सापडलंच नाही तर तसं सांगा : “नेमके शब्द आता सापडत नाहीत, पण माझ्या आठवणीप्रमाणे तुमचा मुद्दा असा होता. चुकत असेन तर सांगा.” एवढ्याने निम्मी भांडणं टळतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जाता जाता : नाव तपासा. लांबलेल्या चर्चेत एकाच्या संदेशात दुसऱ्याचं वाक्य, त्यात तिसऱ्याचं, अशी उतरंड लागते. ईमेलच्या जमान्यात ओळीआधी एकामागे एक बाणासारखी चिन्हं लागायची आणि चौथ्या बाणानंतर कोण बोलतंय ते देवालाच ठाऊक असायचं. एखाद्याने दुसऱ्याचं वाक्य खोडून काढण्यासाठी उचललेलं असतं, ते उचलणाऱ्याचंच मत समजून लोक त्याच्यावर तुटून पडतात. हे तुमच्याकडून होऊ देऊ नका.

दुसरी पायरी : शब्द देताय की आशय, ते आधी ठरवा

अवतरणचिन्ह म्हणजे वाचणाऱ्याला दिलेला शब्द आहे : आतलं सगळं त्याचं, माझं काही नाही. दुहेरी अवतरणात सारांश कोंबणं, किंवा आपल्या भाषेत सांगून दोन्ही बाजूंना चिन्हं लावणं, हा या गटांमधला सर्वांत सर्रास चालणारा गुन्हा आहे. मी वर तोच केला.

मराठीत ही चिन्हं गाळूनही पंचाईत होते. आपली भाषा दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘मी’चा ‘तो’ करतेच असं नाही. “दादा म्हणाले मी चुकलो” हे वाक्य बघा. चुकलं कोण? दादांनी स्वतःची चूक कबूल केली, की लिहिणाऱ्याला त्याची चूक दाखवली? समोरासमोर बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, लिहिलेल्या ओळीवरून नाही. दादा म्हणाले, “मी चुकलो.” किंवा : दादांनी मला माझी चूक दाखवली. दोन्हींपैकी एक लिहा.

शब्द द्यायचे तर उचलून डकवा, हाताने पुन्हा टाइप करू नका. शुद्धलेखनाच्या चुकाही तशाच राहू द्या. त्या दुरुस्त केल्या तर आगाऊपणा दिसतो, मुद्दाम अधोरेखित केल्या तर खवचटपणा. आशय द्यायचा तर चिन्हं काढा आणि “त्यांचा रोख असा”, “थोडक्यात त्यांचं म्हणणं” अशी पाटी आधी लावा. “म्हणे” हा शब्द मात्र जपून वापरा. “काकांना म्हणे फोटो सुधारलेले चालत नाहीत” असं लिहिलं की बातमी आणि टोमणा एकाच घासात जातात, आणि समोरच्याला टोमणाच ऐकू येतो.

शब्द किती बदलले की अवतरण खोटं ठरतं, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही खल झाला होता. १९९१ च्या मॅसन खटल्यात एका लेखिकेने मुलाखतीतली वाक्यं बदलून अवतरणात छापली असा आरोप होता. न्यायालयाचा सूर असा : शब्द बदलले एवढ्यानेच बदनामीच्या कायद्यात ते खोटं ठरत नाही, बदलामुळे अर्थ लक्षणीयरीत्या बदलला का ते बघायचं. कोर्टाची पट्टी ही. गटातली पट्टी याहून कडक असावी असं मला वाटतं, कारण इथे मूळ वाक्य दोन बोटांवर असतं आणि ते न उचलण्याला सबब नसते.

तिसरी पायरी : कापा, पण सांधा बघून

पूर्ण संदेश पुन्हा चिकटवून खाली नुसतं “सहमत” लिहिणं हाही त्रासच. नेटवरच्या शिष्टाचाराची एक जुनी नियमावली आहे, आरएफसी १८५५ नावाची, १९९५ सालची. तिच्यात उत्तर देणाऱ्याला सांगितलंय की मूळ मजकुराचा सारांश द्या, किंवा संदर्भ कळेल एवढाच भाग घ्या. कापावं लागतंच. प्रश्न कात्री कुठे लावायची हा आहे.

नमस्कार-चमत्कार, आठवणी, दुसऱ्याच विषयावरचा परिच्छेद खुशाल गाळा. गाळल्या जागी तीन टिंबं द्या. मात्र वाक्यातला ‘जर’, ‘पण’, ‘फक्त’, ‘बहुधा’, ‘माझ्या अनुभवात’ यांना हात लावू नका. बोलणाऱ्याने स्वतःच्या मताला घातलेली कुंपणं ती हीच. “हा उपाय बहुधा नवशिक्यांना जमणार नाही” यातला ‘बहुधा’ गेला की सावध माणूस एकदम उर्मट दिसायला लागतो.

मराठीत याहून बारीक जागा आहेत, आणि त्या एकेका अक्षराच्या आहेत. “नवीन सभासदांनीही आधी वाचावं” आणि “नवीन सभासदांनीच आधी वाचावं” ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिलं सगळ्यांना वाचायला सांगतं, नव्यांना त्यात सामील करून घेतं. दुसरं नव्यांना वेगळं काढतं आणि जुन्यांना मोकळं सोडतं. फरक ‘ही’ आणि ‘च’चा. ‘ध’ चा ‘मा’ हा आपल्याकडचा वाक्प्रचार ज्या आख्यायिकेतून आला, तिच्यातही एवढंच घडतं : नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असा हुकूम होता, त्याचं ‘मारावे’ झालं. १७७३ मधला तो खून इतिहासात आहेच. अक्षर खरोखर कुणी बदललं का, हा वाद वेगळा. वाक्प्रचार मात्र टिकला, कारण असली अक्षरं बदललेली आपण रोज बघतो.

पूर्णविरामावर कापलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं की डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव नैसर्गिक निवडीने तयार झाला असेल हे मानणं, मोकळेपणाने कबूल करतो, कमालीचं विसंगत वाटतं. हे वाक्य दीड शतकभर त्याच्याच विरुद्ध वापरलं जातंय. पुढच्याच ओळींत तो सांगतो की साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या दाखवता आल्या, आणि प्रत्येक पायरी त्या जिवाला उपयोगी असली, तर ही अडचण खरी उरत नाही. चांगला लेखक आधी विरोधकाची शंका जोरात मांडतो, मग तिला उत्तर देतो. शंकेपाशी कापलं की तो स्वतःविरुद्धचा साक्षीदार होतो. म्हणून वाक्य उचलण्याआधी त्याच्या पुढची दोन आणि मागची दोन वाचा. ‘नरो वा कुंजरो वा’ची गंमतही हीच की खोटं कुणी बोललं नव्हतं, फक्त ऐकणाऱ्यापर्यंत अर्धं पोचलं.

चौथी पायरी : आधी पूर्वपक्ष, मग तुमचं उत्तर

पूर्वपक्ष म्हणजे ज्याचं खंडन करायचं ते समोरच्याचं म्हणणं. सगळ्यांत जास्त वेळ या पायरीवर घालवा. वरच्या तीन नीट पाळूनही माणूस समोरच्यावर अन्याय करू शकतो. शब्द अचूक असतात, पण त्यांतून त्याला नको असलेला अर्थ काढलेला असतो.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राने, म्हणजे तर्काच्या आणि वादाच्या जुन्या शास्त्राने, या डावपेचाला नाव दिलंय : छल. न्यायसूत्र या त्याच्या मूळ ग्रंथात छलाचे तीन प्रकार आहेत, आणि तिन्ही तुम्हाला गटात भेटतील. पहिला वाक्छल. जुनं उदाहरण ‘नवकंबल’ या शब्दाचं. बोलणारा सांगतो, या मुलाकडे नवं कांबळं आहे. विरोधक म्हणतो, कुठे आहेत नऊ कांबळी, एकच तर दिसतंय! ‘नव’चे दोन अर्थ, त्यातला सोयीचा पकडला. दुसरा सामान्यछल : शक्यतेचं बोलणं ताणून नियम करायचा. तुम्ही लिहिता, “अनुभवी माणूस चांगलं शिकवू शकतो.” उत्तर येतं, “म्हणजे अनुभवी असला की चांगलाच शिक्षक? मग आमच्या अमक्याचं काय?” तिसरा उपचारछल : लाक्षणिक बोलणं शब्दशः धरायचं. “सभागृह हसलं” म्हटल्यावर “भिंतींना दात असतात का?” असं विचारणारा महाभाग प्रत्येक गटात एक असतोच. त्याला विनोदी समजून सोडून द्या.

त्याच सूत्रांच्या शेवटच्या अध्यायात वाद हरल्याची बावीस निमित्तं दिली आहेत, निग्रहस्थानं. त्यात एक आहे ‘अननुभाषण’. समोरच्याने तीनदा सांगितलं, सभेला ते कळलं, तरीही त्याचं म्हणणं तुम्हाला उच्चारून दाखवता आलं नाही, तर तुम्ही हरलात. ज्याचं खंडन करायचं तेच मांडता येत नसेल तर खंडन कशाच्या आधारावर करणार, असा त्यामागचा विचार. गणिती मानसशास्त्रज्ञ अनातोल रॅपोपोर्ट यांनी १९६० मध्ये वादाची जी पद्धत सुचवली, तिचीही पहिली अट हीच होती : प्रतिपक्षाची भूमिका त्याचं समाधान होईल अशी मांडून दाखवा. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोघं एकाच उंबऱ्यावर आले, याचं मला कौतुक वाटतं.

प्रत्यक्षात करायचं कसं? समजा कुणी लिहिलंय, “गटात रोज एकच फोटो टाकावा, नाहीतर कुणाच्याच फोटोकडे नीट बघणं होत नाही.” तुम्हाला हे पटत नाही.

असं लिहू नका : “म्हणजे तुमचं म्हणणं, लोकांनी फोटोच टाकू नयेत? मग गट बंदच करा की!”

असं लिहून बघा : “फोटो कमी आले तर प्रत्येकावर चर्चा होईल, असा तुमचा मुद्दा मला कळला, आणि गेल्या काही दिवसांत ती कमी झालीय हे खरंच आहे. पण शिकणाऱ्याला एकाच दृश्याचे तीन प्रयत्न शेजारी दाखवायचे असतात. त्याला रोज एकाची अट अडचणीची होईल.”

पहिल्या उत्तरात न बोललेल्या गोष्टीवर काठी चालवलीय, साप म्हणून भुई धोपटणं. दुसरं वाचून समोरचा निदान एवढं म्हणेल की हो, माझा मुद्दा हाच. “म्हणजे तुमचं म्हणणं असं की…” हे शब्द बोटांवर आले की मी आता थांबतो. त्यांच्यापुढे क्वचितच समोरच्याचं म्हणणं येतं. तिथे प्रश्न टाका आणि खरोखरच उत्तराची वाट बघा.

पाचवी पायरी : थोरामोठ्यांची वाक्यं

गटाबाहेरच्या माणसाच्या तोंडी शब्द घालणं सोपं असतं, तो येऊन “मी असं म्हणालो नव्हतो” असं सांगत नाही. वादात अभिव्यक्तीचा विषय निघाला की कुणीतरी फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअर काढतोच : तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणायच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन. व्हॉल्टेअरने हे लिहिलेलं नाही. एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६ मध्ये त्याची वृत्ती सांगताना हे वाक्य रचलं आणि अवतरणचिन्हांत टाकलं. हे त्याचेच शब्द आहेत असं सुचवायचं नव्हतं, असा खुलासा तिने पुढे केला. तोवर वाक्य जगभर पोचलं होतं. नुसतं नाव आणि खाली सुविचार, असा मजकूर कुठून आलाय ते सापडेना, तर नाव काढा आणि विचार स्वतःच्या जबाबदारीवर मांडा. चांगला असेल तर तो नावाशिवायही उभा राहील.

सहावी पायरी : स्क्रीनशॉट आणि बदललेले संदेश

स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा, असा एक समज आहे. तोही कापलेलाच तुकडा असतो. टाकायचाच तर आधीचा-नंतरचा संदेश दिसू द्या. खासगीत झालेलं बोलणं गटात आणायचं असेल तर आधी विचारा. “नाही” आलं तर विषय संपला. एका गटातलं दुसऱ्या गटात नेणं त्याच जातीचं.

लोक संदेश बदलतात हेही लक्षात असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत मजकूर बदलता येतो आणि बदलल्याची खूण राहते. तुम्ही वाचलेलं वाक्य आता तिथे नसेल तर समोरच्याला लबाड ठरवायच्या आधी ती खूण बघा. त्याने स्वतःच सुधारलं असेल, तर वाद सुधारलेल्या वाक्याशी घाला.

सातवी पायरी : तुमचं वाक्य कुणी मोडलं तर

पहिलं उत्तर काकांचं आहे, मूळ संदेश पुन्हा टाकणं. फार तर एक ओळ : “माझं वाक्य पूर्ण असं होतं.” हेतूवर जाऊ नका. “मुद्दाम तोडमोड केलीत” लिहिलंत की तो तोडमोडीचा नाही, मुद्दामपणाचा बचाव करत बसतो आणि तुमचं वाक्य बाजूलाच पडतं. तसंच, आपलं मूळ वाक्य खरोखर दोन अर्थांचं होतं का, हेही एकदा बघा. असेल तर “माझी मांडणी ढिली होती” हे म्हणून टाका, त्याने काही जात नाही. तिसऱ्यांदा तोच माणूस तेच करत असेल तर गट चालवणाऱ्यांना खासगीत दोन्ही संदेश दाखवा आणि आपण बाजूला व्हा.

आठवी पायरी : तुम्हीच मोडलं असेल तर

माझी पहिली माफी वाईट होती. मी लिहिलं, “ठीक आहे, शब्द इकडेतिकडे झाले असतील, पण तुमचा रोख तसाच होता.” ही माफी नाही, चोरीचा माल परत करताना पावती मागणं आहे. त्यात ‘असतील’ नको, ‘पण’ नको, “कुणाला वाईट वाटलं असेल तर” हेही नको. काय मोडलं, त्याने अर्थ कसा फिरला आणि आता तुमच्या युक्तिवादातलं काय मागे घ्यायचंय, या तीन गोष्टी सांगा. त्या सांगा तिथेच, जिथे चूक केली. गटात चुकायचं आणि खासगीत माफी मागायची, हे चालत नाही. चुकीचा संदेश गुपचूप काढूनही टाकू नका, खालची उत्तरं मग वाऱ्यावर लटकतात.

संध्याकाळी मी पुन्हा लिहिलं : “काका, तुमचं वाक्य मी अर्धं उचललं. ‘बातमीच्या’ हा शब्द गाळल्याने अर्थच बदलला. माझा सकाळचा प्रश्न तुम्हाला लागू होत नाही, तो मागे घेतो.”

दहा मिनिटांनी उत्तर आलं : “मागे कशाला घेता? घालू-काढू नये हे मी म्हणालो, पण उजेड कमी-जास्त करणं म्हणजे घालणं-काढणं की नाही, ते मी सांगितलंच नव्हतं. बातमीच्या फोटोत ते चालावं का? तुम्हाला काय वाटतं?”

त्या रात्री साडेबारापर्यंत आम्ही त्यावर वाद घातला.